खोक्यावरचे पास्कल, सीटखालची वाळू

गाडीसाठी व्हॅक्यूम क्लीनर शोधायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत डोकं गरगरतं. हजार रुपयांचं यंत्र ‘९००० पास्कल’ म्हणतं, अडीच हजारांचं ‘१२० वॅट’, सहा हजारांचं ‘१२०० वॅट, १७ किलोपास्कल’. फोटो मात्र सगळ्यांचे सारखेच. चकचकीत काळी सीट, तिच्यावर विखुरलेले चार दाणे आणि ते अलगद गिळणारं गुळगुळीत यंत्र. फोटोतली गाडी कधी तारकर्लीहून परत आलेली नसते आणि तिच्या मागच्या सीटवर चिवडा खाणारी दोन पोरंही नसतात.

बाजारात साधारण चार जाती आहेत. गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी वायरची यंत्रं, पोटात बॅटरी असलेली हातातली, घरच्या विजेवर चालणारी ‘वेट अँड ड्राय’ टाकीवाली, आणि सुतार-फिटर वापरतात त्या अवजारांच्या बॅटरीवर चालणारी. माझं मत आधीच सांगून टाकतो. यातलं कुठलं घ्यायचं ते ठरवणारी माहिती खोक्यावर नसतेच. गाडी उभी राहते तिथे प्लग आहे का, हा पहिला प्रश्न. गाडीत घाण कुठल्या जातीची येते, हा दुसरा. वॅट आणि पास्कल त्यांच्या मागून.

यंत्र कुठे आणि साफ करायची वस्तू कुठे, हा पेच या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्लिश इंजिनिअरने लंडनमध्ये एका अमेरिकी संशोधकाचं सफाईयंत्र पाहिलं. ते दाबाची हवा फुंकून धूळ उडवायचं. उडवण्यापेक्षा ओढून का घेत नाही, असं त्याने विचारलं, तर ते शक्य नाही असं उत्तर मिळालं. मग एका हॉटेलातल्या खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवून त्याने तोंडानेच हवा ओढून पाहिली. रुमालावर धुळीचा काळा डाग उमटला. १९०१ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याच्या यंत्राने साफ केले. ते धूड घोड्यांनी ओढून आणावं लागायचं. यंत्र रस्त्यावर उभं राहायचं आणि खिडकीतून लांब नळ्या घरात जायच्या. आपल्याकडे सव्वाशे वर्षांनी अडचण नेमकी उलटी झाली आहे. वीज घरात आणि साफ करायची वस्तू तीन मजले खाली, पार्किंगमध्ये. आणि कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरवाल्याच्या हातात आजही कॉम्प्रेसरची एअरगन असते. म्हणजे बूथने नाकारलेली फुंकण्याची पद्धत. त्या हवेने सीटच्या शिवणीतला कचरा बाहेर येतो, हे खरं. पण त्यातला बराचसा उडून एसीच्या जाळीत आणि छताच्या कापडावर जाऊन बसतो.

आता ते पास्कल. पास्कल हे दाबाचं माप. नळीचं तोंड हाताने गच्च बंद केलं की आत जास्तीत जास्त जेवढी निर्वात ओढ तयार होते, तो आकडा खोक्यावर येतो. पण त्या क्षणी नळीतून हवा वाहतच नसते, म्हणजे एक कणही उचलला जात नाही. उलट नळी पूर्ण मोकळी सोडली की हवा भरपूर वाहते, पण ओढ जवळजवळ शून्य. कंपन्या दोन्ही टोकांचे सर्वांत मोठे आकडे छापतात आणि काम चालतं ते कुठेतरी मध्ये. दाब आणि दर सेकंदाला वाहणारी हवा यांचा गुणाकार म्हणजे प्रत्यक्ष कामाची शक्ती. तिला एअर वॅट म्हणतात. ढोबळमानाने ती दोन्ही कमाल आकड्यांच्या गुणाकाराच्या पाव हिश्शाला टेकते. समजा, हातातल्या एका यंत्राची बंद तोंडाची ओढ ५००० पास्कल आहे आणि मोकळ्या तोंडाने ते सेकंदाला १० लिटर हवा घेतं. हाती येतात साडेबारा एअर वॅट. टाकीवाल्या यंत्राचे आकडे समजा १७ किलोपास्कल आणि ४० लिटर. तिथे १७० येतात. खोक्यावर ५ विरुद्ध १७ वाचताना फरक साडेतीन पटींचा वाटतो, हातात तो तेरा-चौदा पटींचा असतो. म्हणून ज्या खोक्यावर फक्त पास्कल आहेत आणि हवेच्या प्रवाहाचा आकडा कुठेच नाही, ते खोकं मी परत ठेवतो.

बारा व्होल्टवाल्यांचं गणित आणखी सोपं. बहुतेक गाड्यांत त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा असतो. बारा गुणिले दहा, १२० वॅट; फार ताणलं तर १८०. याच्या वर काही छापलं असेल तर एकतर फ्यूज उडेल किंवा छापणाऱ्याने कल्पनाशक्ती वापरली आहे. त्यात वायर पाच मीटर लांब दिलेली असते, कारण डिकीपर्यंत पोचायला हवी, आणि किंमत राखायला ती बारीक असते. पाऊण चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून दहा अँपिअर पाच मीटर नेऊन परत आणले की दोनेक व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. काम करताना वायर कोमट लागते ती त्यामुळेच. मोटरला बाराऐवजी दहाच मिळाले तर ती दमणारच. एवढं असूनही या यंत्रांना मी पूर्ण निकालात काढणार नाही. टॅक्सी चालवणाऱ्याला दोन भाड्यांच्या मध्ये पायाशी सांडलेली चिप्स आणि रस्त्याची कोरडी धूळ काढायची असते. चार्जिंगची भानगड नाही, यंत्र कायम डिकीत, पडलं तरी हजार-दीड हजारांचा प्रश्न. पंधरा-वीस मिनिटं चालवलं तर धडधाकट बॅटरी कुरकुरत नाही. तीन-चार अँपिअर-तास जातात. चार वर्षांची जुनी बॅटरी असेल तर मात्र इंजिन सुरू ठेवलेलं बरं, आणि तेही उघड्यावर, बंद पार्किंगमध्ये नाही.

बॅटरीवरच्या छोट्या यंत्रांचं कूळ वेगळं आहे. ब्लॅक अँड डेकरचं ‘डस्टबस्टर’ १९७९ मध्ये आलं. अपोलो मोहिमांत चंद्राच्या पृष्ठभागाखालचे नमुने काढणारं ड्रिल करताना कमी विजेत मोटर चालवायचा जो अनुभव कंपनीला मिळाला, तो पुढे तिच्या बिनवायरच्या वस्तूंत उतरला. डस्टबस्टर होतं घरात सांडलेला चुरा चटकन उचलण्यासाठी. आजही या जातीचं खरं काम तेवढंच आहे, फक्त विकताना तिला अख्खी गाडी स्वच्छ करायला लावतात.

असं एखादं यंत्र उघडून पाहिलं तर आत बोटाएवढे दोन लिथियम सेल असतात. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा, क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास. म्हणजे एकात ७.४ वॅट-तास, दोघांत मिळून पंधराला थोडे कमी. सेल एकापुढे एक जोडले तर खोक्यावर ‘७.४ व्होल्ट’ येतं, शेजारी-शेजारी जोडले तर ‘४००० मिलिअँपिअर-तास’. आतली ऊर्जा दोन्हीकडे तीच. आता याच यंत्रावर ‘१२० वॅट, ३० मिनिटं’ छापलेलं असतं. पंधरा वॅट-तासांत १२० वॅटची मोटर सात-साडेसात मिनिटं चालते. तीस मिनिटं चालवायची असेल तर मोटर तीस वॅटच खाऊ शकते. दोन्ही दावे एकाच वेळी खरे ठरायला आठेक सेल हवेत आणि मग ते यंत्र त्या वजनात आणि त्या किमतीत बसणार नाही. वॅट-तास भागिले वॅट, एवढा एक भागाकार दुकानात उभ्या उभ्या केला तर निम्मी खोकी गळतात.

शिवाय आपल्याकडचं ऊन. लिथियम सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असं बनवणारेच सांगतात. अकोल्यात किंवा चंद्रपूरला मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीचं पोट साठीच्या घरात सहज जातं. त्यामुळे ‘ग्लव्हबॉक्समध्ये मावणारं’ हे ज्याचं मुख्य कौतुक, तेच यंत्र उन्हाळ्यात ग्लव्हबॉक्समध्ये ठेवू नये, असा हा प्रकार आहे. वर्षभरात त्याची सात मिनिटांची चार होतात ती बहुतेक अशीच.

आकड्यांवर विसंबण्याची खोड फक्त आपल्या बाजारालाच आहे असं नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरना ऊर्जालेबल सक्तीचं केलं आणि मोटरवर १६०० वॅटची मर्यादा घातली. २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. डायसन कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं असं की लेबलसाठीची चाचणी रिकाम्या पिशवीने किंवा रिकाम्या डब्याने केली जाते, आणि घरात कुणी रिकाम्या डब्याने झाडत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते मान्य करून लेबलचा नियम रद्द केला. वॅटची मर्यादा तेवढी राहिली. डायसन स्वतः चक्रीवाऱ्याच्या तत्त्वावरची, बिनपिशवीची यंत्रं विकते, तेव्हा तिचा त्यात स्वार्थ उघड होता. पण मुद्दा गाडीसाठी तर दुप्पट लागू आहे. हातातल्या यंत्राचा डबा असतो अर्धा लिटर. पुढच्या दोन मॅटवरची माती घेतली की तो भरतो, फिल्टर बुजतो आणि खोक्यावरचे पास्कल खोक्यावरच राहतात.

घरच्या विजेवरची टाकीवाली यंत्रं दिसायला बोजड, आवाजाला कर्कश आणि कामाला सगळ्यांत चोख. दहा ते वीस लिटरची टाकी, हजार ते चौदाशे वॅट, चाकं, दोन मीटरच्या आसपास नळी, बहुतेकांना मागे फुंकायचं तोंडही. चार ते आठ हजारांत केर्शर, अमेरिकन मायक्रॉनिक, इनालसा, अगारो अशी बरीच नावं मिळतात. बाराशे वॅट म्हणजे २३० व्होल्टवर सव्वापाच अँपिअर; साधा ६ अँपिअरचा प्लग पुरतो. एक्स्टेंशनची वायर मात्र दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि रीळ पूर्ण उलगडून वापरावं, गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. बंगला, वाडा, गावाकडचं घर, तळमजल्याची खोली, ज्यांच्या अंगणात गाडी येते त्यांनी पुढचं काही न वाचता हेच घ्यावं. एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. हे यंत्र गाडीच्या बाहेर उभं राहतं आणि आत फक्त नळी जाते. हातातलं यंत्र गाडीतच असतं, त्याच्या पाठीतून निघणारी हवा तुमच्या तोंडासमोर, आणि फिल्टरने न अडवलेली बारीक धूळ पुन्हा गाडीतच. दम्याच्या माणसाने हातातल्या यंत्राने बंद गाडी साफ करणं म्हणजे त्रास ओढवून घेणं.

फ्लॅटवाल्यांचं घोडं मात्र प्लगपाशी अडतं. पार्किंगमधला पॉइंट सोसायटीच्या मीटरवर, त्याला कुलूप, आणि एकदा वापरला की वार्षिक सभेत विषय. ज्यांनी इलेक्ट्रिक गाडीसाठी स्वतःच्या मीटरवरून १६ अँपिअरचा पॉइंट खाली आणला आहे त्यांचा प्रश्न आपोआप सुटला. नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ नंतरच्या काही मॉडेलांत तर गाडीच्या बॅटरीतूनच घरगुती यंत्र चालवायची सोय आहे, तीन किलोवॅटच्या वर. तिथे गाडी स्वतःला झाडण्याची वीज स्वतःच देते. सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावायच्या दीडशे वॅटच्या इन्व्हर्टरवर हे होत नाही. बाराशे वॅटला बारा व्होल्टवर शंभर अँपिअर लागतात. होंडाने २०१४ च्या अमेरिकेतल्या ओडिसी गाडीत व्हॅक्यूम क्लीनरच बसवून दिला होता, डिकीत यंत्र आणि पुढच्या सीटपर्यंत पोचणारी नळी. आपल्याकडच्या गाड्यांत डिकीचा प्रत्येक लिटर जाहिरातीत मोजून सांगितला जातो, तेव्हा अशी चैन इथे लवकर येईल असं दिसत नाही.

प्लग नसलेल्यांसाठी खरा पर्याय चौथ्या जातीत आहे, आणि तो ‘कार व्हॅक्यूम’ म्हणून शोधलं की सापडतच नाही. बॉश, मकिता, डिवॉल्ट यांच्या ड्रिल-स्क्रूड्रायव्हरच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालणारे व्हॅक्यूम. (काहींवर ‘२० व्होल्ट’ लिहितात, पाच सेल पूर्ण भरलेले असतानाचा तो आकडा, चीज एकच.) १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास, आधीच्या दोन सेलांच्या जवळजवळ पाचपट. बॅटरी काढून वर घरात चार्ज करता येते, कमी पडली तर दुसरी लावता येते, मोटर जळली तरी बॅटरी ड्रिलला उपयोगी. नळीवाला प्रकार घ्यावा, नुसता हातातला नाही. महाग पडतं हे खरं. पण घरात त्या कंपनीचं ड्रिल असेल तर नुसतं यंत्र बॅटरीशिवाय मिळतं, आणि मग हिशेब बसतो.

आता घाण. इथे मात्र सरसकट सल्ला चालत नाही, कारण महाराष्ट्रातल्या गाड्या एकाच मातीत फिरत नाहीत. सर्वांत सोपी, सुटी कोरडी धूळ; ती कुठलंही यंत्र उचलतं. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती ओली असताना हातच लावू नये. ती चिकणमाती आहे, नळीत लेप बसतो आणि मॅटवर फराटे. पूर्ण वाळू द्यावी, मॅट बाहेर काढून झटकावी, ढेकळं गळून पडतात, उरलेला भुगा ओढून घ्यावा. कोकणातली लाल माती याच्या उलट फसवते. पिठासारखी बारीक, त्यात लोहाचा अंश, आणि आपल्या निम्म्या गाड्यांचं आतलं कापड बदामी रंगाचं. लोक पहिल्यांदा ओलं फडकं घेतात आणि सीटवर कायमचा गेरू फिरवतात. आधी मऊ ब्रश लावलेल्या नळीने कोरडं, हलक्या हाताने, दोन-तीनदा, पाणी त्यानंतर. गावाहून तांदूळ-ज्वारीची पोती आणणाऱ्यांच्या डिकीत दाणे उरतात आणि दाण्यांमागून टोके येतात. दाणे मोठे असल्याने त्यांना रुंद नळी लागते, बारीक तोंडात ते अडकतात.

पण यंत्राचा खरा कस लागतो तो वाळूवर. गाडीतलं कार्पेट विणलेलं नसतं. सुयांनी टोचून तंतू एकमेकांत गुंतवून ते केलेलं असतं. वाळूचा कण त्यात शिरला की वरच्या तंतूंखाली जाऊन बसतो आणि नुसत्या ओढीने वर येत नाही, हवा त्याच्या डोक्यावरूनच निघून जाते. म्हणून एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात ताठ केसांचा ब्रश. ब्रशने एका दिशेने खरवडायचं, दोन बोटं मागे नळीचं तोंड. मूठ आपटली तरी चालते. प्रत्येक ठोक्याला वाळू उसळून वर येते आणि त्याच क्षणी ओढली जाते. मालवण किंवा कळंगुटहून आल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालच्या एवढ्याशा जागेत दहा मिनिटं गेली तरी नळीतला सळसळाट थांबत नाही. तो थांबला की ती जागा झाली. कुत्र्याच्या केसांचंही तेच: ते तंतूंत गुंततात, आधी रबरी हातमोजा ओलसर करून फिरवला की गोळे होऊन वर येतात, मग यंत्राला काम. गोल फिरणाऱ्या मोटरच्या ब्रशचं तोंड मिळालं तर उत्तमच, पण पाच रुपयांचं काम ते पाचशेला करतं.

यंत्राइतकंच महत्त्व तोंडांना आहे. लांब चपटं तोंड, किमान वीत-सव्वा वीत; सीटचा रूळ, सीट आणि हँडब्रेकमधली फट, सीटबेल्टचं कुलूप या जागी दुसरं काही पोचत नाही. बागेतल्या पाइपवर अंगठा ठेवला की धार जोरात जाते, तसा तोंड अरुंद झाल्यावर हवेचा वेग वाढतो. पण मागे दम हवा; बारा-पंधरा एअर वॅटच्या यंत्राला फार अरुंद तोंड लावलं तर प्रवाहच मरतो. सीटखाली हात घालताना पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना तोंडाने ढकलू नये. ते एअरबॅगचे असतात. एखादा सैल झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी सर्व्हिस सेंटरला.

फिल्टरवर ‘हेपा’ लिहिलेलं असतं. अमेरिकी व्याख्येप्रमाणे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा तो हेपा. हजार रुपयांच्या यंत्रातल्या घडीच्या कागदाकडून ती अपेक्षा करू नये, आणि तोंडाशी रबरी सील नसेल तर कागद कितीही चांगला असला तरी हवा बाजूने निसटते. धुता येणारा फिल्टर ही सोय वाटते, पण जुलैत रत्नागिरीत धुतलेला फिल्टर दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर फिल्टर लावला की धुळीचा चिखल आणि कुबट वास. म्हणून यंत्र घेतानाच फिल्टरची दुसरी जोडी घ्यावी. ती सुटी मिळतच नसेल तर ते यंत्रही घेऊ नये. पिशवी लागणाऱ्या यंत्रांना लोक नावं ठेवतात, मला मात्र बारीक धुळीसाठी पिशवीच बरी वाटते, निदान रिकामी करताना अर्धी धूळ नाकात जात नाही.

काही गोष्टी कुठल्याच यंत्राने ओढू नयेत: सांडलेलं पेट्रोल किंवा थिनर, कारण मोटरच्या ठिणगीला तेवढंच हवं असतं, आणि उदबत्तीची गरम राख. काच फुटल्यावर मोठे तुकडे हाताने वेचून मगच नळी लावावी, नळीला आतून चिरा पडतात. आणि कोरड्या यंत्राने पाणी तर कधीच नाही.

वेट अँड ड्रायमध्ये पाणी चालतं. कापडी किंवा कागदी फिल्टर काढून स्पंजचा लावायचा, टाकी भरली की आतला तरंगता गोळा ओढ बंद करतो. सांडलेलं दूध, पावसाची सर, ओल्या छत्र्यांचं पाणी, इथपर्यंत ते पुरतं. गाडीत गुडघाभर पाणी शिरलं असेल तर मात्र भरवसा ठेवू नये. वरचं कार्पेट तासाभरात कोरडं लागतं, पण त्याखालचा जाड फोम पाणी धरून बसलेला असतो आणि तिथवर कुठल्याही नळीची ओढ पोचत नाही. आठवड्याने वास येतो, महिन्याने पत्र्याला गंज. अशा वेळी सीट काढून, कार्पेट उचलून, फोम बाहेर उन्हात टाकावा लागतो. ते काम गॅरेजवाल्याचं.